मायक्रोटिक हेक्स : लाइन तुटली तरी ऑफिस चालू ठेवणारा डबा, अटी लागू

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो, नवी पेठेतलं होलसेल दुकान असो की सात रस्त्यावरची पॅथॉलॉजी लॅब, सगळ्यांचं गाडं आता नेटपाशी अडतं. ई-वे बिल निघालं नाही की भरलेला ट्रक गेटच्या आत उभा. म्हणून दोन वेगळ्या लाइन घ्यायच्या आणि एक गेली की दुसरीवर आपोआप जायचं, अशी सोय बरेच जण शोधतात. त्यासाठी मायक्रोटिक कंपनीचा हेक्स, मॉडेल आरबी७५०जीआर३, हा राउटरचा डबा कसा आहे? उत्तम आहे. पण पेटीतून काढून नुसता लावलात तर यातलं काहीही करत नाही. कारखान्यातून येताना पहिला पोर्ट नेटचा आणि उरलेले चार ऑफिसचे, एवढीच त्याची मांडणी असते. पुढचं सगळं आपण करायचं.

तळहातावर मावेल एवढा डबा. गिगाबिट वेगाचे पाच पोर्ट, ८८० मेगाहर्ट्झचा दोन कोअरचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, एक यूएसबी पोर्ट. वायफाय नाही, ते वेगळं लावावं लागतं. आपल्याकडे उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे तो ८ ते ३० व्होल्ट डीसीवर चालतो. सोबत २४ व्होल्टचा अडॅप्टर येतो, पण १२ व्होल्टच्या मिनी यूपीएसवरही काम भागतं. इन्व्हर्टरवर ठेवणार असाल तर इन्व्हर्टर यूपीएस मोडवर आहे ना, ते बघा. नाहीतर लाइट गेल्यावर बॅटरीवर जातानाच्या क्षणभरात राउटर आणि फायबरचा ओएनटी (नेट कंपनीने बसवलेला मोडेम) दोन्ही रीस्टार्ट होतात, आणि लाइन शाबूत असूनही काही मिनिटं वाया जातात.

आता सेटिंग. पहिली अडचण अशी की दोन्ही कंपन्यांचे ओएनटी बहुधा १९२.१६८.१.१ हाच पत्ता घेऊन येतात. दोन्ही बाजूंना एकच नेटवर्क दिसलं की हेक्स गोंधळतो. एकाचा पत्ता बदलून १९२.१६८.२.१ करून घ्या. दुसरी अडचण जास्त फसवी. फायबर बाहेर पोलवर तुटलेली असते, पण टेबलावरचा ओएनटी जिवंत असतो आणि पिंगला (‘आहेस का?’ अशा छोट्या विचारणेला) उत्तर देत राहतो. नुसत्या गेटवेला, म्हणजे बाहेर जायच्या पहिल्या दाराला, इथे ओएनटीलाच, पिंग करून तपासणारा राउटर म्हणतो, सगळं ठीक आहे, आणि तुमचा माणूस ओएनटीच्या लाल दिव्याकडे बघत बसतो.

म्हणून तपासणी ओएनटीच्या पलीकडची हवी. हेक्सची सिस्टीम राउटर-ओएस ७, तिच्यात पद्धत अशी : ८.८.४.४ (गूगलचा पत्ता) साठी पहिल्या लाइनच्या गेटवेवरून एक राउट (रस्ता) टाका, स्कोप १०. मग मुख्य राउटचा गेटवे म्हणून ८.८.४.४ च द्या, टार्गेट स्कोप ११, डिस्टन्स १ (कमी आकडा म्हणजे आधीची पसंती), चेक-गेटवे पिंग. दुसऱ्या लाइनसाठी हेच १.०.०.१ (क्लाउडफ्लेअरचा पत्ता) घेऊन, डिस्टन्स २. डीएचसीपी क्लायंट (ओएनटीकडून पत्ता आपोआप घेणारी सोय) यामधलं ‘अ‍ॅड डिफॉल्ट राउट’ दोन्हीकडे बंद करायला विसरू नका, नाहीतर आपोआप आलेला राउट तुमच्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतो. तपासणीसाठी बांधलेले हे पत्ते ऑफिसच्या कॉम्प्युटरना डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) म्हणून मात्र देऊ नका. पहिली लाइन मेली तरी ८.८.४.४ कडे जाणारी प्रत्येक विचारणा त्याच मेलेल्या लाइनवर जाते. राउटर दुसऱ्या लाइनवर गेलेला असतो आणि तरीही एकही वेबसाइट उघडत नाही. डीएनएसला ८.८.८.८ आणि १.१.१.१ ठेवा.

किती वेळात बदल होतो? पिंग दर १० सेकंदांनी जातो आणि दोनदा उत्तर आलं नाही की लाइन मेली असं धरलं जातं, म्हणजे साधारण २० सेकंद. बिलिंग, मेल, टॅली यांना हे चालतं. टेलिकॉम कंपन्यांच्या नेटवर्कमध्ये मात्र अशा बदलासाठी ५० मिलिसेकंदांचा दंडक आहे. एसडीएच या जुन्या टेलिकॉम पद्धतीच्या रिंगपासून तो चालत आलाय आणि इथरनेट रिंगसाठीच्या जी.८०३२ या मानकातही तोच आहे. तिथे रिंगची एक कडी मुद्दाम बंद ठेवलेली असते, कुठे तुटलं की ती उघडते आणि डेटा उलट्या बाजूने फिरतो. तिथली एक शहाणी सवय हेक्समध्ये नाही, ती म्हणजे परत येण्याआधी थांबणं. जी.८०३२ रिंग दुरुस्तीनंतर ठरावीक वेळ, सहसा ५ मिनिटं, वाट पाहते. हेक्स पिंगला उत्तर आलं की लगेच जुन्या लाइनवर उडी मारतो. केबलवाला खांबावर जॉइंट करत असताना लाइन येते-जाते, आणि तेवढ्या वेळा ऑफिसही इकडून तिकडे हेलपाटे घालतं. यासाठी हेक्समधल्या नेटवॉच या लाइनवर नजर ठेवणाऱ्या सोयीत छोटी स्क्रिप्ट लिहून पाच मिनिटांचा विलंब घालावा लागतो. एवढी साधी गोष्ट डब्यात तयार मिळायला हवी होती.

आयपी फोन असतील तर आणखी एक काम आहे. बदलानंतर ब्राउझर नव्या जोडण्या करतो, त्यामुळे सुटतो. फोन मात्र जुन्याच जोडणीवर पॅकेट पाठवत राहतो, त्यामुळे हेक्समधली त्या जोडणीची नोंद कधी संपत नाही, आणि पॅकेट दुसऱ्या लाइनवरून पहिल्या लाइनचा पत्ता लावून निघतात. पुढची कंपनी ती टाकून देते. बदल होताच ५०६० या आयपी फोनच्या पोर्टच्या नोंदी पुसणारी एक ओळ त्याच स्क्रिप्टमध्ये घाला. त्याहून चांगला उपाय म्हणजे ओएनटी ब्रिज मोडवर (नुसता मधला पूल) करून घेऊन पीपीपीओई (कंपनीचं लॉगिन) हेक्सवरच लावणं. मग फायबर तुटली की ते कनेक्शन स्वतःच पडतं आणि मास्करेडच्या (पत्ता बदलून पाठवण्याच्या) नोंदी त्याबरोबर साफ होतात.

पण सोलापुरात खरी मेख डब्याच्या बाहेर आहे. दोन कंपन्या, दोन बिलं, आणि केबल दोन्ही एकाच खांबावरून, एकाच जाळीच्या गुंडाळीत! ड्रेनेजसाठी जेसीबी फिरला किंवा उसाच्या ट्रॉलीने लोंबणारी केबल ओढली की दोन्ही एकदमच जातात. जानेवारीत नंदीध्वजांच्या मिरवणूक मार्गावर आडव्या केबल काढाव्या-उचलाव्या लागतात, तेव्हाही तेच. गड्डा यात्रेच्या आधी दोन्ही कंपन्यांना विचारून ठेवा. दुसरी लाइन घेताना माणसाला गच्चीवर नेऊन विचारा की केबल कुठल्या खांबावरून येणार, तुमचा नोड (भागाला लाइन वाटणारा डबा) कुठे आहे, त्याला बॅटरी किती तास. मग शहराबाहेरचा रस्ता विचारा : पुण्याकडून येते की हैदराबादकडून? दोघंही पुणे महामार्गावरच्याच फायबरवर असतील तर मोहोळजवळ पडलेला एक खड्डा दोघांना पुरतो. उत्तर पटलं नाही तर दोन्ही लाइनवर ट्रेसराउट (डेटा कुठून कुठून जातो ते दाखवणारी कमांड) चालवून पुढचे चार-पाच टप्पे ताडून बघा. मार्ग खरंच वेगळा मिळत नसेल तर दुसरी लाइन फायबरची घेऊच नका, यूएसबीत ४जी डोंगल लावा. स्पीड कमी, आणि बाहेरून थेट आयपी पत्त्यावर सीसीटीव्ही बघता येणार नाही कारण मोबाइल नेटवर्क सहसा स्वतंत्र पब्लिक आयपी (बाहेरून गाठता येणारा पत्ता) देत नाही. पण जेसीबीला मोबाइल टॉवरपर्यंतची हवा खणता येत नाही.

करारातल्या ९९.५ टक्के वेळ लाइन चालू राहण्याच्या हमीने हुरळून जाऊ नका. ३० दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ ३ तास ३६ मिनिटं बंद राहिलं तरी तक्रार नाही.

चाचणी घेताना राउटरची वायर उपटू नका. पोर्ट बंद पडला की हेक्स तात्काळ बदलतो आणि उगाच समाधान होतं. ओएनटीचा हिरवा फायबर कनेक्टर काढा, टोकात डोळा घालून बघू नका, धूळ लागू नये म्हणून टोपी लावा, आणि चालू फोन कॉल तुटतो का, नवा लागायला किती वेळ जातो, ते घड्याळ लावून पाहा. परत जोडल्यावर हेक्स पाच मिनिटं थांबून पहिल्या लाइनवर येतो का, तेही.

आयसीयू, मोठं कॉल सेंटर किंवा सतत चालणारं सर्व्हरचं काम असेल तर हा डबा घेऊ नका, दोन बाजूंनी येणारी रिंग-संरक्षित लीज लाइन (फक्त तुमच्यासाठीची भाड्याची लाइन) मागा. बाकी दहा-वीस कॉम्प्युटरच्या ऑफिससाठी एका स्मार्टफोनहून कमी पैशात याहून चांगलं सहसा मिळत नाही. फक्त सेटिंग करून देणाऱ्याकडून पासवर्ड आणि सगळ्या सेटिंगची (कॉन्फिगची) एक्सपोर्ट फाइल त्याच दिवशी पेनड्राइव्हवर घ्या, आणि बिल द्यायच्या आधी घ्या.