स्ट्रॉ: प्लास्टिकचा की कागदाचा?

२०१५ साली कोस्टा रिकाजवळच्या समुद्रात संशोधकांनी एका ऑलिव्ह रिडले कासवाच्या नाकपुडीतून प्लास्टिकचा स्ट्रॉ ओढून काढला. तो व्हिडिओ बघवत नाही. याच जातीची कासवं आपल्या वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालतात. प्लास्टिकचा स्ट्रॉ कुजत नाही, त्याचे नुसते तुकडे होत राहतात. भारतात १ जुलै २०२२ पासून त्यावर बंदी आहे, तरी कुठेकुठे दिसतोच.

कागदाचा स्ट्रॉ पाण्यात भिजून सुटतो. पंचाईत अशी की तोंडातही सुटतो! शहाळं अर्धं होईतो टोकाचा लगदा. शिवाय २०२३ मध्ये बेल्जियममध्ये तपासलेल्या बहुतेक कागदी स्ट्रॉंत पीएफएएस, म्हणजे वर्षानुवर्षं नष्ट न होणारी रसायनं, सापडली. तरीही कासवाचा विचार केला तर कागदच बरा. मी मात्र शहाळं सरळ तोंडाला लावतो. शर्टावर दोन थेंब सांडतात, सांडू देत.