आठ महिने झाले, संगणक आला का?

सर्टिफिकेटवर ८७ गुण आहेत. ते सर्टिफिकेट मी स्वतः स्कॅन करून लॅपटॉपवर ठेवलं आणि पुढचा आठवडाभर मलाच सापडेना. एमएस-सीआयटी हा संगणकाचा कोर्स करून आठ महिने झाले, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

माझं वय ४९. बारावी १९९४ची. यंदा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. त्याआधी संगणक यावा म्हणून तीन महिने कळव्याहून नौपाड्याला टीएमटीच्या, म्हणजे ठाण्याच्या बसने ये-जा केली. क्लासचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे.

अभ्यासक्रम चांगला आहे. मराठीतून शिकता येतं, वर्ड, एक्सेल, इंटरनेट सगळं येतं. अडचण क्लासमध्ये होती. दोघींत एक मशीन, आणि मी जरा अडखळले की सर माउस हातातून घ्यायचे. "काकू, थांबा, मी करून देतो." झालं! काम व्हायचं, शिकायचं राहायचं. एक्सेलमध्ये बेरजेचं सूत्र लिहिताना आधी बरोबरचं चिन्ह द्यायचं, नाहीतर ते नुसता मजकूर समजतं, हे मला घरी, किराण्याचा हिशेब घालताना कळलं.

घरी सेकंडहँड लॅपटॉप घेतला, १४ हजारांना. खरं शिक्षण तिथून सुरू. मोबाइल वापरणाऱ्या आमच्यासारख्यांना वाटतं की निम्मं येतंच. पण मोबाइलवर फोटो काढला की गॅलरीत दिसतो, तो कुठे ठेवला हे कोणी विचारत नाही. संगणकावर प्रत्येक फाइलला पत्ता लागतो. मी सेव्ह करत होते, कुठे करतेय ते बघत नव्हते. डाउनलोड्स म्हणजे आमच्या घरचा माळा झाला होता, येईल ते वर फेकायचं. शेवटी 'बीए पहिलं वर्ष' असं फोल्डर केलं, आत विषयवार फोल्डर, आणि फाइलच्या नावात तारीख. सर्टिफिकेट त्याच आवराआवरीत सापडलं, 'स्कॅन०००३' या नावाने.

बी.ए.च्या फॉर्मचं सांगते. फोटो ५० केबीच्या आत हवा होता. माझ्या मोबाइलचा फोटो ४ एमबीचा, म्हणजे ऐंशीपट मोठा. पूर्वी असल्या कामाला स्टेशनजवळच्या सायबरवाल्याला शंभर रुपये दिले असते. आता पेंटमध्ये फोटो उघडला, रिसाइज केला, जेपीईजी म्हणून वेगळ्या नावाने सेव्ह केला. तिसऱ्या खेपेला ४६ केबी आला. मुलगी शेजारी बसून गप्प राहिली, हे तिचे उपकार.

मला सगळ्यात लाभलं ते मराठी टायपिंग. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय सोडून इनस्क्रिप्ट, म्हणजे कीबोर्डवरची थेट मराठी अक्षरांची मांडणी, शिकले. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला बरीचशी व्यंजनं. क आणि ख एकाच बटणावर, ख ला शिफ्ट. वेलांटी पहिली असली तरी आधी अक्षर, मग वेलांटी, म्हणजे बोलतो त्याच क्रमाने. पाय मोडायला डी. 'दुसऱ्या' लिहिताना मी दोन दिवस अडले होते. साधा र घेऊन पाय मोडला की रफार व्हायचा आणि 'दुसर्या' उमटायचं. शिफ्ट धरून 'जे'चं बटण दाबलं की वेगळा ऱ येतो, मग डी, मग य. सापडल्यावर अर्धं पान नुसतं 'दुसऱ्या, तिसऱ्या, पुऱ्या, सुऱ्या' लिहून काढलं.

एक इशारा. ओळखीच्या बाईंनी जुन्या फॉन्टमधल्या नोट्स पाठवल्या, त्या माझ्याकडे इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन उघडल्या. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षराचं नुसतं चित्र इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेलं असतं. फॉन्ट नसेल तर मूळ इंग्रजी अक्षर दिसतं. युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षराला स्वतःची वेगळी जागा असलेल्या पद्धतीत लिहा, कुठेही उघडतं.

जमलेलं नाही तेही लिहिते. पॉवरपॉइंट विसरले, पुन्हा लागलंच नाही. पासवर्ड अजून वहीत आहेत, आणि वही धान्याच्या डब्यामागे. टायपिंगचा वेग मोजायला घाबरते. पण कंट्रोल आणि झेड दाबलं की चूक मागे जाते हे कळल्यापासून बटणाची भीती गेली. पोळी करपल्यावर अशी सोय नाही.

क्लास लावणार असाल तर आधी जाऊन बघा, माउस कोणाच्या हातात असतो. माझा पहिला स्वाध्याय, ११ पानं, मी स्वतः टाइप केला. पान क्रमांक मात्र अजून पहिल्या पानावरही येतोय, तो काढता येत नाहीये. कोणाला येत असेल तर सांगा.