दहा पुस्तकांत एकच बाबा

लेक चार वर्षांची, म्हणून ऑनलाईन दहा चित्रपुस्तकांचा मराठी संच मागवला, 899 रुपये. फोंड्याला पाच दिवसांत पोचला, बॉक्स चेपलेला पण आत सगळं ठीक. जाड पुठ्ठ्याची पानं, गोल कोपरे, मोठं अक्षर, चित्रं झकास.

आता तक्रार. आमच्याकडे सकाळचा डबा, आंघोळ, वेणी सगळं माझ्याकडे कारण बायकोला पणजीला बँकेत जायला साडेसातची बस पकडायची असते आणि माझी वेर्ण्याला सेकंड शिफ्ट. आणि ह्या संचातला बाबा? चार पुस्तकांत नाहीच. तिनात पेपर नाहीतर लॅपटॉप. दोनात संध्याकाळी बेल वाजते, तो येतो, पोराला हवेत उडवतो, की संपलं. आई मात्र ह्या नऊही पुस्तकांत कढईपाशी. एका पानावर बाबा चहा करतोय असं वाटून खूश झालो, नीट बघितलं तर पितोय. लेक कोंकणीत म्हणाली, "बाबा, हो पेपर केन्ना सोंपयतलो?" (हा पेपर कधी संपवणार?)

ज्युडिथ कर ह्या लेखिकेचं 'द टायगर हू केम टू टी' हे इंग्रजी चित्रपुस्तक 1968 चं, त्यातही बाबा शेवटी उगवतो, पण वाघाने सगळं फस्त केलंय बघून आई-मुलीला बाहेर खायला तरी नेतो. आमच्या संचातल्याला तेवढंही सुचत नाही. माझा चुलतभाऊ बोटीवर असतो, आठ-आठ महिने, त्याचा पोरगा रात्री व्हिडिओ कॉलवर बाबाला पुस्तक दाखवतो. गोव्यात असे कितीतरी बाबा, संचात एक पान नाही.

दहावं पुस्तक मात्र बघाच. बाबा तुळशीपाशी बसून मुलीची वेणी घालतोय, रबर दातात, भांग वाकडा. ज्याने काढलंय त्याने स्वतः वेण्या घातल्यात, पैज लावतो. लेकीने चित्रावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं आणि हसत सुटली. आता रोज तेच, इतकं की शिवण सुटलीय. (बाकीच्या नऊंना जुलैत कपाटात बुरशी आली, पावसाळ्यात कपाटाबाहेर ठेवा.)

तेवढं एक सुटं मिळेल का विचारलं, भाचीला द्यायचं होतं, तर विक्रेता म्हणे अख्खा संचच घ्या. म्हणून तीन स्टार. भाचीला सध्या प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, म्हणजे मुलांच्या गोष्टींची वेबसाईट, लावून दिलंय फोनवर, फुकट आहे, मराठी पण आणि कोंकणी पण.