म्हाताऱ्या मांजराचे शेवटचे वर्ष: दवाखान्यात दाखल करावे की घरी सांभाळावे?

इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर किंवा सुदामा नगर अशा वस्त्यांत रस्त्यावरून उचलून आणलेली मांजरे सांभाळणारी मराठी घरे थोडीथोडकी नाहीत. त्यांतली बरीच मांजरे आता दहा-बारा वर्षांच्या पुढे गेली आहेत. मूत्रपिंडे थकली की रक्तात साचणाऱ्या ‘क्रिएटिनिन’ या द्रव्याचा आकडा रक्ततपासणीच्या कागदावर फुगलेला दिसला की प्रत्येक घरात तोच प्रश्न उभा राहतो: दवाखान्यात दाखल करून शिरेतून सलाइन लावावे, की घरी आणून त्वचेखाली देत राहावे? या दोन्ही वाटांनी मी एकेक मांजर शेवटपर्यंत नेले आहे. दोन जिवांवरून नियम काढता येत नाही, हे मला मान्य आहे. तरीही ज्यांना येत्या आठवड्यात निर्णय घ्यायचा आहे त्यांच्यासाठी दोन्ही वाटा शेजारी शेजारी मांडून ठेवणे मला आवश्यक वाटते.

ठकी एका पावसाळ्यात आमच्या जिन्याखाली येऊन बसली. दातांची झीज आणि बुबुळांच्या विरत गेलेल्या कडा पाहून डॉक्टरांनी तिचे वय आठ-नऊ वर्षे असावे असा अंदाज केला. दादू हा फाटक्या कानाचा, रुंद डोक्याचा बोका होता. शेजारच्या इमारतीतील भाडेकरू घर सोडून गेले तेव्हा तो मागे राहिला आणि महिनाभर त्याच बंद दारापाशी बसत असे. दोघांनाही उतारवयात मूत्रपिंडाचा जुनाट आजार झाला. हा आजार म्हाताऱ्या मांजरांत फार आढळतो आणि तो उशिरा कळतो, कारण मूत्रपिंडाची सुमारे तीन-चतुर्थांश कार्यक्षमता गेल्याशिवाय क्रिएटिनिन ठळकपणे वाढत नाही. त्याआधी घरच्या माणसांना दिसणारी लक्षणे साधी असतात: पाण्याचे भांडे लवकर रिकामे होते, मातीच्या पेटीतील लघवीचे गोळे मोठे होतात आणि पाठीचा कणा हाताला लागू लागतो.

आयरिस या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने या आजाराचे चार टप्पे ठरवलेले आहेत. क्रिएटिनिन २.९ ते ५.० असेल तर तिसरा टप्पा आणि ५.० च्या वर असेल तर चौथा. आजार कळला तेव्हा ठकी तिसऱ्या टप्प्यात होती आणि दादू चौथ्याच्या उंबरठ्यावर होता. म्हणजे कागदावर पाहता ठकीची स्थिती अधिक बरी होती. पुढील तुलना वाचताना हे लक्षात ठेवावे.

दाखल करण्याच्या बाजूने जे सांगता येते ते आधी सांगते, कारण ते खरे आहे. शिरेतून दिलेले द्रव थेट रक्तात जाते, त्याचा वेग मोजून ठेवता येतो आणि दोन-तीन दिवसांत शरीरात साचलेली विषद्रव्ये बऱ्याच अंशी खाली येतात. जुनाट आजारावर एखादा ताजा आघात झाला असेल, उदाहरणार्थ मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग झाला असेल, मूत्रवाहिनीत खडा अडकला असेल किंवा उलट्यांमुळे शरीर एकाएकी कोरडे पडले असेल, तर ही दाखल करण्याची वाट प्राण वाचवते आणि नंतर मांजर अनेक महिने चांगले जगू शकते. बोक्याची लघवी अडली असेल तर विचार करत बसायला वेळच नसतो. पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकते, त्यामुळे त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठावा लागतो. मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल किंवा मागचे पाय अचानक थंड आणि लुळे पडून ते कळवळून ओरडत असेल, तेव्हाही हाच नियम लागू होतो.

ठकीला पहिल्यांदा दाखल केले तेव्हा असाच प्रसंग होता आणि तिला तीन दिवसांत घरी आणता आले. तो निर्णय योग्य होता. चूक पुढे झाली. त्यानंतरच्या सात महिन्यांत आकडा वाढला की आम्ही तिला पुन्हा दाखल करत राहिलो, आणि प्रत्येक खेपेस आकडा थोडा कमी उतरत असे, मांजर मात्र आधीपेक्षा अधिक खचून परत येत असे. पिंजऱ्याच्या शेजारी कुत्री भुंकत असत, पायाला सुई चिकटवलेली असे, अंगाला परक्या औषधांचा वास लागे आणि खाणे समोर ठेवले तरी ती तोंड फिरवत असे. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साचू लागते, हे आम्हांला तेव्हा कोणी स्पष्ट सांगितले नव्हते. शेवटच्या खेपेस ती रात्री पिंजऱ्यात गेली. त्या दवाखान्यात रात्री माणूस थांबतो असे आम्हांला सांगण्यात आले होते. सकाळी कळले की त्या रात्री कोणी नव्हते. दाखल करण्यापूर्वी रात्री तेथे कोण असते हा प्रश्न दोनदा विचारावा, आणि उत्तर मोघम मिळाले तर मांजर संध्याकाळी घरी आणावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दादूच्या वेळी आम्ही घरीच सलाइन देण्याचे शिकून घेतले. ऐकताना हे काम जेवढे भयंकर वाटते तेवढे ते नाही. रिंगर लॅक्टेटची बाटली खुंटीला उंच टांगायची, ती आधी कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी उबदार करायची, खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची आणि त्या तंबूत सुई सरकवायची. बहुतेक मांजरांना एका वेळी १०० ते १५० मिलीलिटर दिले जाते. किती आणि किती दिवसांनी हे वजन, तपासणी आणि हृदयाची स्थिती पाहून डॉक्टरांनीच ठरवायचे असते. सुई दर वेळी नवी घ्यावी. ग्लुकोजची बाटली त्वचेखाली कधीही देऊ नये, ऊती दुखावतात. खांद्यावर उंटासारखी गाठ दिसते, ती कधी पुढच्या पायाकडे ओघळते आणि काही तासांत शोषली जाते. दुसऱ्या दिवशीही ती तशीच असेल तर पुढची मात्रा थांबवून फोन करावा. झोपलेल्या मांजराचे श्वास मिनिटभर मोजण्याची सवय लावून घ्यावी: ३० च्या आत असतील तर चिंता नाही, सतत त्यापेक्षा वाढलेले दिसले तर द्रव जास्त होत असण्याची शक्यता असते. सुया साध्या कचऱ्यात टाकू नयेत. जाड प्लॅस्टिकच्या डब्यात साठवून तो डबा महानगरपालिकेच्या गाडीतल्या घातक कचऱ्याच्या वेगळ्या कप्प्यात द्यावा. या शहरात ती सोय आहे आणि गाडी दाराशी येते.

दादू पहिले तीन दिवस उठून पळून गेला. चौथ्या दिवसापासून सासूबाई त्याला मांडीवर घेऊन डोक्यावरून हात फिरवत बसू लागल्या आणि मी बाटलीचा नळ सोडू लागले. दहा मिनिटांत काम होत असे. एका माणसाने हे करणे शक्य असते, पण दोन माणसे असतील तर मांजराला ते उपचारासारखे वाटत नाही. घरात हात थरथरणारे एकटे वृद्ध गृहस्थ असतील, किंवा घरचे सगळेच सकाळी आठला बाहेर पडून रात्री परतत असतील, तर घरची वाट कागदावर कितीही चांगली असली तरी ती निभणार नाही. अशा वेळी दवाखान्यात दर दोन-तीन दिवसांनी नेऊन सलाइन देऊन लगेच परत आणणे हा मधला मार्ग उरतो, आणि तो मुळीच कमी प्रतीचा नाही.

खर्चाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. घरचे सलाइन स्वस्त पडते, दाखल करणे महाग पडते, आणि तपासण्यांचा खर्च दोन्हीकडे सारखाच असतो. हा खर्च घरी सांभाळतो म्हणून टाळू नये. दर काही आठवड्यांनी क्रिएटिनिन, फॉस्फरस आणि पोटॅशियम पाहावे लागते. रक्तदाब मोजण्याकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते: तो १६० च्या वर राहिला तर डोळ्याचा पडदा सुटून मांजर एका रात्रीत आंधळे होऊ शकते, आणि रोजच्या अ‍ॅम्लोडिपिनच्या गोळीने ते बहुधा टाळता येते. विशेष तपासणीसाठी महूचे पशुचिकित्सा महाविद्यालय आहे. ते १९५५ पासून चालू आहे आणि शहरापासून साधारण २५ किलोमीटरवर आहे. कोरड्या पडलेल्या मांजराला वैशाखात दुपारी तेवढ्या प्रवासाला काढू नये. पहाटे निघावे, टोपलीत त्याचेच वापरलेले फडके घालावे आणि टोपली वरून झाकावी.

दोन्ही वाटांतला सर्वांत मोठा फरक मला खाण्यात दिसला. मूत्रपिंडाच्या आजारात कमी फॉस्फरसचे खास खाद्य आयुष्य वाढवते, हे चांगले सिद्ध झालेले आहे. पण ते पोटात गेले तरच. दवाखान्यात ठकीने ते हुंगलेही नाही, आणि घरी येताच तेच खाद्य समोर आले तेव्हा दवाखान्याच्या आठवणीने तिने ते कायमचे नाकारले. दादूला आम्ही महिनाभर जुन्या खाण्यात चिमूटभर मिसळत हळूहळू वळवले, किंचित कोमट करून दिले, आणि ज्या दिवशी त्याने ते नाकारले त्या दिवशी त्याला आवडेल ते दिले. आमच्यासारख्या शाकाहारी घरांत मांजराला दूध-पोळीवर ठेवण्याची जुनी रीत आहे. टॉरिन हे द्रव्य मांजराचे शरीर पुरेसे तयार करू शकत नाही आणि ते मांसातूनच मिळते. ते कमी पडले तर हृदय आणि डोळे बिघडतात, म्हणून म्हाताऱ्या मांजराच्या बाबतीत तरी ही रीत मोडावी. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मात्र कोणत्याही कारणाने देऊ नये. मांजरासाठी ती विष आहे.

बाकी सोयी लहान आहेत, पण घरीच शक्य होतात. बहुतेक म्हाताऱ्या मांजरांचे सांधे दुखतात आणि ती दुखणे लपवतात, म्हणून मातीची पेटी कमी उंचीच्या काठाची असावी आणि पाण्याची भांडी तीन-चार ठिकाणी असावीत. पौषातल्या थंड रात्री दादूसाठी आम्ही जुन्या धाबळीखाली गरम पाण्याची पिशवी ठेवत असू. वजन दर रविवारी वहीत लिहीत असू. चार किलोच्या मांजराचे २०० ग्रॅम जाणे म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो जाणे आहे. डोळ्यांना ते दिसत नाही, वहीला दिसते.

आता शेवटाविषयी, कारण खरा निर्णय तोच असतो. आपल्या घरांत मांजराच्या हत्येची धास्ती फार खोल आहे: मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते, हे आमच्या सासूबाईंनीही लहानपणापासून ऐकलेले होते. म्हणून पुष्कळ लोक सुखमरणाचे इंजेक्शन टाळतात आणि नैसर्गिक मृत्यूची वाट पाहतात. मूत्रपिंडाच्या आजारातील नैसर्गिक मृत्यू शांत असतो असे समजू नये. मळमळ, तोंडातील व्रण, कधी झटके, आणि हे सारे काही दिवस चालते. इंजेक्शनात आधी गुंगीचे औषध दिले तर मांजर झोपते आणि नंतरच्या औषधाने थोड्याच वेळात हृदय थांबते. हे घरी, त्याच्या जागेवर करता येते, आणि त्यासाठी डॉक्टर येतील का, हे शेवटचा आठवडा येण्यापूर्वीच विचारून ठेवावे लागते.

वेळ कशी ठरवावी यासाठी अमेरिकेतील पशुवैद्य डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी मांडलेली सात कसोट्यांची श्रेणी मला उपयोगी पडली: वेदना, भूक, शरीरातील पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकीला दहापैकी गुण द्यायचे असतात. बेरीज ३५ च्या वर असेल तर सांभाळत राहणे योग्य मानले जाते. आमच्या घरात तिघांनी वेगवेगळे गुण लिहिले. दोन आठवडे माझे गुण सर्वांत जास्त होते, आणि ते का जास्त होते हे मला कळत होते. तिसऱ्या आठवड्यात दादूने सासूबाईंच्या मांडीवर चढणे सोडले आणि तो न्हाणीघराच्या कोपऱ्यात बसू लागला. त्या दिवशी त्याच म्हणाल्या, “अगं, आता त्याला धरून ठेवू नकोस.” दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर घरी आले. मांडी सासूबाईंचीच होती.

पुरताना खड्डा किमान तीन फूट खोल असावा, कारण औषधाचा अंश शरीरात राहतो आणि कुत्र्यांनी उकरून खाल्ले तर त्यांनाही बाधा होते. दादूला राऊच्या बाजूला नात्यातल्या एका शेताच्या बांधावर ठेवले. ठकीचे शरीर आम्हांला सकाळी खोक्यात बांधून मिळाले होते आणि घाईत मी ते उघडून पाहिलेही नव्हते. तिच्या स्मरणाला माझ्याकडे पावत्या आणि तपासणीचे कागद आहेत. दादूच्या स्मरणाला ती वही आहे, जिच्या शेवटच्या पानावर सासूबाईंच्या अक्षरात ‘२ किलो ९००, सकाळी दोन चमचे रस्सा खाल्ला’ एवढेच लिहिलेले आहे.