पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल

आकडा आधीच सांगतो, म्हणजे खाली कुणी विचारायला नको. मी फसून घेतलेल्या जुन्या शिडाच्या बोटीचे १९,७५,०००. दलालाची दोन टक्के दलाली ३९,५००. पावसाळ्याआधी बोट पाण्याबाहेर काढून स्टँडवर ठेवायचे ६८,०००. एकूण २०,८२,५००. बोट आज गोव्यात एका यार्डात टेकू लावून उभी आहे आणि पाण्यात घालायच्या लायकीची नाही.

‘म्हातारपणी कसले डोहाळे’ हे घरी ऐकून झालंय. नौदलाचे दिलीप दोंदे गोव्यातच बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून २०१० मध्ये एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा होता. मला जग फिरायचं नव्हतं. पणजी, मालवण, रत्नागिरी, हिवाळ्यात चार महिने, एवढंच. त्यासाठी ३४ फुटी, एका डोलकाठीची, दोन शिडांची बोट पुरते. पुढचं शीड गुंडाळता येतं, आत दोघांना झोपायला जागा, दोन शेगड्यांचा ओटा, छोटं डिझेल इंजिन. अशा जुन्या बोटी आपल्याकडे मोजक्याच विकायला येतात. म्हणूनच हे दलाल लोक गळ टाकून बसलेले असतात.

जाहिरातीत ‘२००८ ची, युरोपीय बनावट, एकाच मालकाची’ असं होतं. सांगितली किंमत २४,५०,०००. घासाघीस करून १९,७५,००० ला उतरवली तेव्हा आपण फार हुशार आहोत असं वाटलं होतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये बघायला गेलो. बोट नदीत नांगरलेली. डिंगीतून, म्हणजे छोट्या होडीतून, नेणारा म्हातारा तांडेल अर्ध्या वाटेत म्हणाला, “साहेब, वर काढून बघितलीत काय?” दलालाने लगेच तोंड घातलं, की क्रेनची तारीख जानेवारीशिवाय मिळत नाही आणि दुसरा गिऱ्हाईक शुक्रवारी येतोय. ‘दुसरा गिऱ्हाईक’ म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. तांडेल गप्प झाला आणि मीही गप्प बसलो.

आत गेलो तर इंजिन एका झटक्यात सुरू. हात लावला तर गरम. आम्ही यायच्या आधीच चालवून ठेवलं होतं! (थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करायला लावा. गरम असेल तर दोन तास तिथेच बसून राहा.) मग दलालाने मधली फळी उचलून तळ दाखवला. पांढराशुभ्र. नुकत्याच रंगवलेल्या फाटकासारखा वास येत होता. सोळा वर्षांच्या बोटीच्या पोटात खारं पाणी, डिझेल आणि कुबट वास असतो, ऑइलपेंटचा नसतो. आणि मी काय म्हणालो? “वा, काय निगा राखलीय!”

यापेक्षा मोठी चूक पुढे आहे, आणि ती लिहिताना अजून कान तापतात. मी ३१ वर्षं बँकेत होतो. त्यातली अकरा कर्ज विभागात, कागदपत्रं तपासायला. दलालाने सर्व्हेअरचा, म्हणजे बोट तपासणाऱ्या तज्ज्ञाचा, अहवाल व्हॉट्सॲपवर पाठवला. तीन पानं. शिक्का, सही, ‘समाधानकारक’. त्या पानांच्या तळाला क्रमांक होते १, २ आणि ११. एक, दोन, अकरा! एखाद्या कर्जदाराने असा कागद आणला असता तर मी त्याला दारातूनच परत पाठवला असता. इथे मी तो दोनदा वाचला, दोन्ही वेळा तळाशी नजर गेली, आणि मधली पानं फालतू तपशिलाची असतील अशी समजूत मीच करून घेतली. समोर शिडाची बोट असली की बँकवाल्याचीही मती गुंग होते, दुसरं काय.

६ डिसेंबरला दोन लाखांचा विसार वजा जाता १७,७५,००० आरटीजीएस केले.

मे महिन्यात बोट वर काढली आणि सगळं उघडं पडलं. अशा बोटीच्या पोटाखाली बिडाचा मोठा पंख असतो, त्याला कील म्हणतात. माझ्या बोटीचा साधारण पावणेदोन टनांचा. वाऱ्याने बोट कलंडली तरी ती पुन्हा सरळ होते ती या वजनामुळे, आणि हे वजन काही बोल्टांवर लटकलेलं असतं. पट्ट्यात बोट टांगल्यावर कील आणि तळ यांच्या सांध्यातून तांबूस पाणी ठिबकायला लागलं. यार्डातल्या पोराने पत्र्याची पाती सांध्यात सरकवली, ती दोन बोटं आत गेली. आत जाऊन त्याने तो सुंदर पांढरा रंग खरवडला, एका नटाला पाना लावला, आणि नटाचे पापुद्रे त्याच्या तळहातावर आले. स्टेनलेस स्टीलसुद्धा हवा न लागता खाऱ्या ओलीत अडकून राहिलं की आतून कुजतं. मे २०१४ मध्ये ‘चीकी राफिकी’ नावाच्या ४० फुटी बोटीचा कील अटलांटिकमध्ये निखळला, चारही खलाशी गेले. हे मी वाचलेलं होतं. वाचून काय उपयोग झाला?

डेकचीही तीच कथा. फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड भरलेलं असतं. स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपलं की ते सडतं. रुपयाच्या नाण्याने ठोकत जा. टणटण वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर घरी जा. माझा पुढचा अर्धा डेक भद्द आहे. दुरुस्तीचा अंदाज ८,६०,०००, तारा आणि डोलकाठी धरून नाही.

आता वयाचं. बोटीच्या मागच्या अंगाला उजवीकडे हल नंबर (बोटीचा ओळख क्रमांक) कोरलेला असतो, त्यातले शेवटचे दोन आकडे मॉडेलच्या वर्षाचे. अहवालात शेवट ८०८. बोटीवर ८९८. म्हणजे १९९८! बोटीवरच्या नंबराचा फोटो पहिल्या दिवसापासून माझ्याच मोबाइलमध्ये होता. जून १९९८ नंतर युरोपात विकायला आलेल्या अशा बोटीवर सीई खुणेची (तिकडच्या सुरक्षा नियमांत बसल्याची) पाटी असावीच लागते. माझ्या बोटीवर त्या जागी स्क्रूची भोकंसुद्धा नव्हती. सर्व्हेअरला शोधून फोन केला. तो म्हणाला, “अहो, तो अहवाल २०१६ चा. कील काढून बोल्ट बदला, असं मी सातव्या पानावर लिहिलंय.”

तक्रार? ऐका. गोव्यातल्या चौकीत म्हणाले, पैसे महाराष्ट्रातून गेले, तिकडे जा. इकडच्या ठाण्यात म्हणाले, बोट तिकडे आहे, तिकडे जा. झिरो एफआयआर, म्हणजे कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो तो, म्हटलं तर साहेबांनी आधी विचारलं, “मासेमारीची आहे का?” आणि मग, “आरसी बुक दाखवा.” बोटीचं आरसी बुक! करारात ‘जशी आहे तशी’ हे शब्द दिसल्यावर तर त्यांचा चेहराच उजळला. “हा सिव्हिल मॅटर आहे, काका.” खोट्या अहवालाचं काय, खाडाखोड केलेल्या वर्षाचं काय, ती फसवणूक नाही? नव्या कायद्यात फसवणुकीचं कलम ४२० चं ३१८ झालं, उत्तर तेच राहिलं. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन केला, तर पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत म्हणाले. बोटींच्या नोंदणीचं काम बघणाऱ्या कार्यालयाने माझा अर्ज घ्यायला चार फेऱ्या मारायला लावल्या आणि पाचव्या फेरीत सांगितलं, बोटीची अवस्था हा आमचा विषय नाही. मग कुणाचा विषय? वकील म्हणतात, विकणारा व्यापारी नसल्यामुळे ग्राहक आयोगात फक्त दलालाला खेचता येईल, आणि तेही त्याने घेतलेल्या ३९,५०० च्या सेवेपुरतं. पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पोस्टाने पाठवलीय. पोचपावती आली, बाकी शुकशुकाट.

बोट पाण्याबाहेर काढल्याशिवाय विसारसुद्धा देऊ नका. सर्व्हेअर तुमचा आणा, पैसे तुम्ही द्या, अहवाल थेट त्याच्याकडून घ्या. बोट परदेशी बनावटीची असेल तर कस्टमचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कागद, मागा. माझ्याकडे तेही झेरॉक्सच आहे, आणि ते खरं आहे की नाही हे विचारायला जायची आता भीती वाटते.

यार्डाचं भाडं दर महिन्याच्या ५ तारखेला ९,५००. पावसाआधी ताडपत्री घालायला लागली, तिचे ११,२०० वेगळे, ते वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.