‘सर्वांसाठी’ या शिक्क्यावर किती विसंबावे?

आठ वर्षांची मुलगी, तेरा वर्षांचा मुलगा, आम्ही दोघे आणि माझी आई अशा पाच जणांना एकत्र बसून पाहता येईल असा चित्रपट शोधण्याचे काम आमच्या घरात माझ्याकडे आहे. काम दिसते तितके सोपे नाही. कधी कधी चित्रपट ठरेपर्यंत तो पाहण्याची वेळच निघून जाते. गेले वर्षभर मी या कामासाठी तीन प्रकारची साधने नेटाने वापरून पाहिली. चित्रपटाला मिळालेले वयाचे प्रमाणपत्र हे पहिले, चित्रपटात नेमके काय काय आहे ते लिहून सांगणारी संकेतस्थळे हे दुसरे आणि नको असलेला भाग गाळून चित्रपट दाखवणारी सेवा हे तिसरे. यांतले दुसरे साधन खरे उपयोगाचे आहे, पहिले केवळ जाड चाळणी म्हणून ठीक आहे आणि तिसऱ्याची वर्गणी आम्ही दोन महिन्यांत बंद केली.

प्रमाणपत्राकडून मुळात फार अपेक्षा ठेवू नये. अमेरिकेत चित्रपट निर्मात्यांच्या संघटनेने १९६८ मध्ये सुरू केलेली श्रेणीपद्धत जगभरच्या प्रेक्षकांना परिचयाची आहे, कारण स्ट्रीमिंगवरील असंख्य चित्रपटांना तीच चिकटलेली असते. पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा असा चित्रपट आणि प्रौढ सोबत असल्याशिवाय मुलांनी पाहू नये असा चित्रपट यांच्यामध्ये फार मोठी दरी राहते, हे लक्षात आल्यावर १९८४ मध्ये ‘पीजी-१३’ ही मधली श्रेणी आली. ही मधली श्रेणीच पुढे सगळ्यात फसवी ठरली. ‘पीडिअॅट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या श्रेणीतील चित्रपटांमधला बंदुकीचा हिंसाचार १९८५ पासून तिपटीहून अधिक वाढला आणि २०१२ मध्ये तो वरच्या, म्हणजे ‘आर’ श्रेणीतील चित्रपटांपेक्षाही जास्त होता. त्याआधी, २००४ मध्ये, हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विभागातील संशोधकांनी १९९२ ते २००३ या काळातील चित्रपट तपासून असेच म्हटले होते की, एकाच श्रेणीत पूर्वीपेक्षा अधिक हिंसा, लैंगिक आशय आणि शिवीगाळ सामावून घेतली जाऊ लागली आहे. आपल्या लहानपणी ज्या शिक्क्याचे चित्रपट आईवडिलांनी निर्धास्तपणे दाखवले, त्याच शिक्क्याचा आजचा चित्रपट त्याच भरवशावर लावणे म्हणूनच धोक्याचे आहे.

काही देशांनी या बाबतीत अधिक विचार केलेला दिसतो. नेदरलँड्समध्ये २००१ पासून चालू असलेली ‘काइकवायझर’ ही पद्धत वयाच्या आकड्याशेजारी लहान चित्रे छापते. हिंसा, भीती, लैंगिकता, भेदभाव, शिवीगाळ आणि अमली पदार्थ किंवा मद्य यांपैकी कशामुळे तो आकडा दिला गेला हे त्या चित्रांवरून कळते. भारतातही २०२३ च्या कायदादुरुस्तीने ‘यूए’ या मोघम श्रेणीचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन भाग केले, ही चांगलीच गोष्ट झाली. मला मात्र ती डच चित्रे अधिक पटतात, कारण ‘कितव्या वर्षी’ या प्रश्नाआधी पालकाच्या मनात ‘का’ हा प्रश्न येतो. भीतीला तिथे स्वतंत्र चिन्ह आहे, हेही मला महत्त्वाचे वाटते. पडद्यावर रक्त दिसले की माझी मुलगी डोळ्यांवर हात ठेवते आणि बोटांच्या फटीतून सगळे पाहते. पण लहान पात्राला एकटे सोडून मोठी माणसे निघून गेली, की ती न बोलता उठते आणि आजीच्या मांडीवर जाऊन बसते. अशा प्रसंगात एकही शिवी नसते आणि एकही ठोसा नसतो. ‘सर्वांसाठी’ म्हणून आलेल्या चित्रपटांत तो कितीदा असतो, हे मी आता मोजणे सोडून दिले आहे.

आता दुसऱ्या साधनाकडे वळतो, ज्यासाठी हा परीक्षणाचा खटाटोप केला. ‘किड्स-इन-माइंड’ हे संकेतस्थळ १९९२ पासून काम करते आहे आणि त्याची पद्धत पंचनाम्याइतकी कोरडी आहे. लैंगिकता, हिंसा आणि भाषा यांसाठी शून्य ते दहा असे तीन वेगळे आकडे ते देते आणि त्याखाली प्रसंगांची वर्णने एकामागून एक लिहून काढते. कोणी कोणाला ढकलले, रक्त किती दिसले, चुंबन गालावर होते की ओठांवर, सारे त्यात असते. चित्रपट कितव्या वर्षी दाखवावा याबद्दल ते अवाक्षर काढत नाही. सुरुवातीला मला हा अलिप्तपणा खटकला, परंतु पुढे तोच त्याचा गुण वाटू लागला, कारण निर्णय आपला आपल्याला घ्यावा लागतो आणि त्यासाठी लागणारी सामग्री समोर असते. वर उल्लेख केलेल्या २००४ च्या अभ्यासासाठी संशोधकांनी याच संकेतस्थळाच्या नोंदींचाही आधार घेतला होता, यावरून त्या नोंदींचा काटेकोरपणा लक्षात यावा.

‘कॉमन सेन्स मीडिया’ ही २००३ मध्ये स्थापन झालेली संस्था नेमकी उलट वाट धरते. ती वय सांगते, शिवाय चित्रपट कलाकृती म्हणून कसा आहे याचे तारे वेगळे देते, आणि या दोन गोष्टींची गल्लत करत नाही. निरुपद्रवी पण कंटाळवाणा चित्रपट तिथे लगेच ओळखू येतो. कथेतून मिळणारा संदेश, अनुकरण करावे अशी पात्रे, कथेत घुसवलेल्या वस्तूंच्या जाहिराती, यांनाही तिथे स्वतंत्र रकाने आहेत. पालकांनी सुचवलेले वय आणि मुलांनी सुचवलेले वय शेजारी शेजारी दिसते. मी पाहिलेल्या नोंदींत मुले बहुधा वर्षा-दोन वर्षांनी खालचा आकडा सांगताना आढळली, आणि माझ्या मुलाने तो आकडा माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरायला वेळ लावला नाही. ‘आयएमडीबी’वरील पालकांसाठीचा विभाग प्रेक्षकच लिहितात, त्यामुळे त्याचा दर्जा चित्रपटागणिक बदलतो. एखाद्या गाजलेल्या चित्रपटावर पानभर मजकूर असतो, तर जुन्या किंवा कमी चर्चेतल्या चित्रपटावर दोन ओळी. तिथे रहस्यभंग करणाऱ्या नोंदी वेगळ्या ठेवण्याची सोय आहे, तिची दाद द्यायला हवी.

‘प्लग्ड इन’सारखी संकेतस्थळे आपली ख्रिस्ती भूमिका उघडपणे सांगून परीक्षण लिहितात. त्यांची श्रद्धा माझी नाही, तरी मला ती उपयोगी पडतात. मापदंड जाहीर असला की वाचकाला त्यातली माहिती घेऊन निष्कर्ष बाजूला ठेवता येतो. ज्यांना कोणतीच भूमिका नाही असे भासवणाऱ्या ‘कुटुंबासह पाहावेत असे दहा चित्रपट’ छापाच्या याद्यांपेक्षा हा प्रामाणिकपणा कितीतरी बरा.

या सर्व मार्गदर्शकांची एक मर्यादा मात्र आम्हाला घरातच, एका संध्याकाळी, कळून चुकली. मोठ्या काळजीने निवडलेला एक विनोदी चित्रपट आम्ही लावला होता, ज्याच्या नोंदीत आक्षेप घ्यावा असे जवळजवळ काहीच नव्हते. दीड तास सगळे हसले. चित्रपट संपल्यावर आईने चष्मा पुसत म्हटले, “यात कुणी कुणाला मारलं नाही हे खरं, पण कुणी कुणाशी नीट बोललंही नाही.” तिचे म्हणणे बरोबर होते. त्यातला बावळट शेजारी पहिल्या प्रसंगापासून शेवटपर्यंत केवळ टिंगलीसाठी होता आणि ती टिंगल करणारेच नायक होते. याउलट, ज्या चित्रपटात रागाच्या भरात बाप मुलावर हात उगारतो आणि उरलेला अर्धा चित्रपट त्या एका क्षणाचे ओझे वाहतो, त्याला हिंसेच्या रकान्यात वरचा आकडा मिळतो. मोजता येते ते मार्गदर्शक मोजतात, पण कथा त्या कृत्याकडे कशी पाहते हे कुठल्या रकान्यात लिहावे हा प्रश्न उरतोच. ‘कॉमन सेन्स’च्या रकान्यांतून त्याचा थोडा अंदाज येतो. आम्ही आता आकड्यांआधी तेच वाचतो.

आणि उघड उपदेश करणारा चित्रपट हा त्यावरचा उपाय समजू नये. मारी-लुईस मेअर्स आणि एमिली अकोस्टा या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालवाडीच्या वयाच्या मुलांना एका कार्टून मालिकेचा भाग दाखवला होता. त्यात इतर कुत्री एका तीन पायांच्या कुत्र्याला आधी घाबरतात आणि शेवटी त्याच्याशी मैत्री करतात. वेगळ्या दिसणाऱ्या कोणालाही आपलेसे करावे हा त्यातला बोध मोठ्यांना लख्ख दिसतो, पण बहुसंख्य मुलांनी त्यातून घेतलेला धडा तीन पायांच्या कुत्र्यांपुरताच होता. तो अभ्यास वाचल्यापासून ‘संस्कारक्षम’ अशी जाहिरात करणाऱ्या मालिकांसमोर मुलीला एकटे बसवून आपले काम उरकण्याचा मोह मी आवरतो. नेहमी जमते असे नाही.

गाळून दाखवणाऱ्या सेवांबद्दल आता. अमेरिकेत चित्रपट कापून त्याच्या ‘स्वच्छ’ प्रती विकणाऱ्या कंपन्यांच्या विरोधात २००६ मध्ये न्यायालयाचा निकाल गेला. पण त्याच्या आदल्याच वर्षी झालेल्या कायद्याने घरच्या प्रेक्षकाला, अधिकृत प्रत जशीच्या तशी ठेवून, पाहताना काही भाग वगळण्याची मुभा दिली होती. ‘क्लिअरप्ले’सारख्या सेवा याच तत्त्वावर चालतात. मूळ चित्रपटाला हात लागत नाही, ठरलेल्या क्षणी चित्र पुढे उडी मारते किंवा आवाज बंद होतो. कल्पना मला आकर्षक वाटली होती. आम्ही घेतलेल्या अशाच एका सेवेवर पहिल्या दिवशी शिवीगाळीची गाळणी पूर्ण लावली, तेव्हा भांडणाच्या प्रसंगात नायक तोंड उघडझाप करू लागला आणि आईने रिमोट हातात घेऊन विचारले, “टीव्ही बिघडला का रे?” मुलाने ओठांच्या हालचालीवरून एकूण एक शब्द ओळखला आणि आठ वर्षांच्या बहिणीसाठी तो मोठ्याने उच्चारूनही दाखवला. दुसऱ्या एका चित्रपटात बंद दाराआडचा प्रसंग वगळला गेला आणि पुढच्याच क्षणी नायिका जिन्यावर बसून रडताना दिसली. मुलीने “ती का रडते?” असे तीनदा विचारले. जे झाकायचे होते त्याबद्दल आम्हाला त्या रात्री जितके बोलावे लागले, तितके तो प्रसंग दिसला असता तर कदाचित बोलावे लागले नसते. ज्या चित्रपटात अन्यथा उत्तम कथेला एखाददुसरा शब्द बाधतो, तिथे ही सेवा चालेल. ज्याला दहा ठिकाणी कात्री लावावी लागते, तो चित्रपट त्या संध्याकाळसाठी नाहीच, असे समजून दुसरा निवडावा.

स्ट्रीमिंगमधील पालक नियंत्रणाविषयी थोडक्यात सांगता येईल. मुलांचे प्रोफाइल वेगळे करावे, मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावावा, नको ती नावे एकेक करून यादीतून काढावीत. नेटफ्लिक्सने या सोयी २०२० मध्ये बऱ्याच सुधारल्या आणि आपोआप चालू होणाऱ्या झलका बंद करण्याची सोयही त्याच वर्षी दिली. या शेवटच्या सोयीचा आम्हाला सर्वांत जास्त लाभ झाला, कारण पाहण्यासाठी निवडलेल्या चित्रपटापेक्षा निवडताना डोळ्यांसमोरून सरकणारे तुकडेच पुष्कळदा अधिक भडक असत.

मालिकांच्या बाबतीत या साऱ्या व्यवस्था अजून कच्च्या आहेत. चित्रपट दोन तासांत संपतो आणि त्याची नोंद एकदा झाली की झाली. मालिका वर्षानुवर्षे चालते, लेखक बदलतात, प्रेक्षक टिकवण्यासाठी तिसऱ्या सीझनला कथेचा रंग गडद होतो, आणि पहिल्या सीझनवर लिहिलेले परीक्षण मात्र संकेतस्थळावर तसेच राहते. त्यामुळे नवा सीझन आला की परीक्षणावरची तारीख मी आधी पाहतो, आणि तारीख जुनी असेल तर पहिले दोन भाग मुले झोपल्यावर आम्ही दोघे पाहून घेतो. आईला हे कळल्यापासून तीही जागी राहते.