एक्साडेटाचं स्मार्ट स्कॅन, आठ महिने वापरल्यानंतर

आधीच सांगतो, मी डीबीए आहे, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा, ओरॅकलचं एक्साडेटा हे डेटाबेस मशीन विकणारा नाही. आणि मशीन माझ्या खिशातली नाही, ऑफिसची आहे, त्यामुळे "परवडते का हो" हा प्रश्न मला विचारू नका. पुण्यात एका कर्ज देणाऱ्या कंपनीत आहे. दहा वर्षांच्या हप्त्यांचा डेटा आणि दर महिन्याच्या दोन तारखेला थकबाकीचा रिपोर्ट. जुन्या सेटअपवर तो रात्री अकराला लावून झोपायचो आणि सकाळी दात घासता घासता मोबाइलवर बघायचो संपला का. आता लावून जेवायला गेलो तर परत येईपर्यंत झालेला असतो. पण लगेच वा वा करू नका, कारण नवीन मशीन आल्यावर पहिले दोन महिने तो जवळपास तेवढाच वेळ खात होता, आणि का खातोय हे शोधण्यात माझा अख्खा पावसाळा गेला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या नेहमीच्या स्टोरेज बॉक्सला आतल्या डेटाचं काही कळत नाही, तो फक्त ब्लॉक, म्हणजे डेटाचे ठरावीक आकाराचे ठोकळे, काढून देतो. म्हणजे मार्केट यार्डातनं शंभर पोती टेम्पोत भरून घरी आणायची, ताटात घेऊन निवडत बसायचं, आणि शेवटी हवे असतात मूठभर दाणे. टेम्पोचं भाडं गेलं, निवडणाऱ्याची कंबर गेली. डेटाबेसचं नेमकं तसंच होतं, केबल भरून वाहते आणि सर्व्हरचा सीपीयू खडे वेचत बसतो. एक्साडेटात स्टोरेजसुद्धा सर्व्हरच असतो, त्याला सेल म्हणतात, त्यात स्वतःचा सीपीयू, स्वतःचं लिनक्स, डिस्क, फ्लॅश सगळं. डेटाबेस त्याला नुसते ब्लॉक मागत नाही, क्वेरीतली, म्हणजे डेटा मागणाऱ्या आदेशातली, वेअरची अट (कुठल्या ओळी हव्यात) आणि कुठले कॉलम हवेत ते पण सांगतो. सेल यार्डातच निवडून देतो, त्या ओळी, त्यातले तेवढेच कॉलम. जॉइन, म्हणजे दोन टेबलं जोडणं, असेल तर छोट्या टेबलवरनं ब्लूम फिल्टर (कुठल्या किमती नक्की नाहीत ते सांगणारा छोटा सारांश) बनवून तोही सेलकडे जातो, मग जॉइनमध्ये न बसणाऱ्या बऱ्याचशा ओळी तिथंच गळतात. यालाच स्मार्ट स्कॅन म्हणायचं. सप्टेंबर २००८ मध्ये ओरॅकलच्या लॅरी एलिसनने हे आणलं तेव्हा खालचं हार्डवेअर एचपीचं होतं, २००९ ला दुसरी आवृत्ती आली ती सनच्या हार्डवेअरवर.

(काटेकोर मंडळी म्हणतील की हे डिस्कच्या आत फिल्टर करणं नव्हे, डिस्कशेजारच्या सर्व्हरमध्ये करणं आहे. बरोबर आहे. खरोखर ड्राइव्हच्या आत चिप घालून करायचं तर सॅमसंगची स्मार्टएसएसडी बघा, तिच्यात फ्लॅशला लागूनच एफपीजीए, म्हणजे हव्या त्या कामासाठी जुळवता येणारी चिप, आहे. मी ती वापरलेली नाही म्हणून गप्प बसतो.)

तर आमचा क्वार्टर रॅक, दोन डेटाबेस सर्व्हर आणि तीन सेल. मशीन लावून देणाऱ्या मधल्या पार्टीचा माणूस म्हणाला होता, साहेब, कोडमध्ये एक ओळ बदलायची नाही. आम्हीही नाही बदलली. रिपोर्ट लावला, आणि हूं की चूं नाही. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, स्मार्ट स्कॅन झालं नाही किंवा अर्धवट झालं तर एरर येत नाही. क्वेरी बरोबर उत्तर देते, फक्त आरामात देते. प्लॅनमध्ये, म्हणजे डेटाबेस क्वेरी कशी चालवणार त्या आराखड्यात, तर 'टेबल अ‍ॅक्सेस स्टोरेज फुल' असं ऐटीत लिहिलेलं दिसतं आणि आपण खूश. अहो ते तर एक्साडेटावर फुल स्कॅन, म्हणजे अख्खं टेबल वाचणं, म्हटलं की लिहिलेलं असतंच! बघायचं त्याच्या खाली, जिथं अटी छापतात तिथं. आमच्याकडे तिथं फक्त 'फिल्टर' होतं, 'स्टोरेज' नावाची ओळच नव्हती. म्हणजे अट सेलकडे गेलीच नव्हती, निवडणं घरीच चाललं होतं.

कारण सापडलं तेव्हा हसावं का रडावं कळेना. आमच्याच टीममधल्या कुणीतरी कधीकाळी तारखेवरनं आर्थिक तिमाही काढायचं एक फंक्शन पीएल/एसक्यूएल या ओरॅकलच्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहून ठेवलंय आणि वेअरमध्ये तारखेच्या कॉलमवर ते गुंडाळलंय. आपण लिहिलेलं फंक्शन सेलला चालवता येत नाही, तिथं पीएल/एसक्यूएल नाहीच. ओरॅकलची स्वतःची बरीच फंक्शनं चालतात, कुठली ते व्ही डॉलर एसक्यूएलएफएन मेटाडेटा या व्ह्यूमध्ये ऑफलोडेबल नावाच्या कॉलममध्ये यस-नो लिहिलंय, तो व्ह्यू मी आता प्रिंट काढून खणात ठेवलाय. फंक्शन काढलं, सरळ "या तारखेपासून त्या तारखेच्या आधीपर्यंत" लिहिलं. दोन ओळींचा बदल. त्या रात्री घरी लवकर गेलो.

तेव्हापासून मी वेळ बघत नाही, दोन आकडे बघतो. एक, किती बाइट्स प्रेडिकेट ऑफलोडसाठी, म्हणजे निवडणं सेलकडे सोपवण्यासाठी, एलिजिबल होते, आणि दोन, स्मार्ट स्कॅनने प्रत्यक्षात किती परत पाठवले. पहिला मोठा आणि दुसरा चिमूटभर असेल तर तब्येत ठीक. पहिलाच शून्य असेल तर स्मार्ट स्कॅन झालंच नाही. दोन्ही आसपास असतील तर सेल नुसता हमाली करतोय.

स्टोरेज इंडेक्स हा प्रकार मात्र मला मनापासून आवडला. नाव इंडेक्स (एरवी इंडेक्स म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी, ओळ पटकन शोधायची यादी) पण डिस्कवर काही बनत नाही, सेल आपल्या मेमरीत साधारण दर एक एमबीच्या तुकड्यासाठी कॉलमची सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी किंमत लक्षात ठेवतो. तुम्ही शाखा ४१२ मागितली आणि तुकड्यात ६०० ते ६५० आहे, तर तो तुकडा वाचतच नाही, ना डिस्क ना फ्लॅश. पण डेटा विस्कटलेला असेल तर प्रत्येक तुकड्यात १ ते ९०० सगळंच असतं आणि काहीच वगळता येत नाही. आमचं तसंच होतं. मग जुन्या महिन्यांची पार्टिशनं (टेबलचे महिन्यावार भाग) शाखेच्या क्रमाने परत भरली, इन्सर्ट अपेंड आणि ऑर्डर बाय, एवढंच. दोन शनिवार गेले, पण एका शाखेची चौकशी आता लावली की येते.

ते मेमरीत असतं म्हणून आमच्याकडच्या आवृत्तीत सेल रीस्टार्ट झाला की पुसलं जातं. पॅच लावल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी अकाउंट्समधनं फोन, "आज स्लो आहे का हो?" पहिल्यांदा घाबरलो होतो, आता सांगतो, चहा घ्या, दुसऱ्यांदा लावा.

बाकी खोडी पण लिहितो. स्मार्ट स्कॅन फक्त फुल स्कॅन असेल आणि तोही कॅशला (डेटाबेस सर्व्हरच्या मेमरीतल्या साठ्याला) वळसा घालून थेट वाचत असेल तरच होतं. मधल्या आकाराच्या टेबलचं वाचन कधी कॅशमधनं जातं कधी थेट, त्यामुळे तीच क्वेरी काल उडत होती आणि आज रांगतेय असं होतं. रात्रीची बॅच अपडेट करत असताना रिपोर्ट लावला तरी मार खातो, कारण कमिट न झालेल्या, म्हणजे बदल अजून पक्का न झालेल्या, ब्लॉकचं जुनं रूप अंडूवरनं (जुन्या किमतींच्या नोंदींवरनं) तयार करणं सेलला जमत नाही, तो ब्लॉक तसाच वर पाठवतो. आम्ही बॅच एक तास आधी सरकवली, विषय संपला. आणि इंडेक्स सगळे उडवा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. काउंटरवर एक खातं उघडायला इंडेक्सच हवा. रिपोर्टच्या आड येणारे आम्ही आधी इनव्हिजिबल (असून नसल्यासारखे) केले, महिनाभर कोणी ओरडलं नाही मग काढले. सिस्टिम स्टॅटिस्टिक्स (मशीनच्या वेगाचे आकडे) एक्साडेटा मोडमध्ये गोळा करायचं राहिलं होतं, ते केल्यावर ऑप्टिमायझर, म्हणजे प्लॅन ठरवणारा, उगाच इंडेक्सकडे धावायचा थोडा कमी झाला.

कल्पना काही नवी नाही म्हणा, डेटाजवळच निवडणारी डेटाबेस मशीनं १९७० च्या दशकातही लोकांनी बांधली होती, नंतर नेटिझा नावाच्या कंपनीने तेच एफपीजीए लावून केलं आणि २०१० मध्ये आयबीएमने ती कंपनी घेतली.

कोणी घ्यावं? मोठ्या टेबलातनं थोडंसं काढणारे रिपोर्ट रोज चालत असतील तर जरूर. सगळं एकेक ओळ शोधण्याचं काम असेल तर स्मार्ट स्कॅन तुमच्या वाट्याला फारसं येणारच नाही.

आमचं एक दुखणं अजून तसंच आहे. ग्राहकांचं मुख्य टेबल २५५ कॉलमच्या पुढे गेलंय. तेवढे झाले की ओरॅकल ओळीचे तुकडे करतो, तुकडा दुसऱ्या ब्लॉकमध्ये पडला की सेल हात वर करतो आणि डेटाबेस एकेक ब्लॉक मागत बसतो, स्मार्ट स्कॅनच्या मधेच सिंगल ब्लॉक रीडची रांग लागते. टेबल फोडायचं तर रिमार्क_१ ते रिमार्क_४० हे कॉलम कोण वापरतं ते कळायला हवं. तसा मेल मी तीनदा टाकलाय. उत्तर कोणाचंच नाही, रिमार्क_३७ मात्र रोज भरतोय.